औषधांच्या यादीत ‘बंद’ला जागा

(ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या मासिक व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन फोन आले. दोघांचाही प्रश्न एकच होता. ‘सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, औषधांवर काय बोलणार?’ प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट नाही. कुठलं औषध घ्यावं आणि कुठलं सोडावं, हे मी आज सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं. पण मी रोज सकाळी चार आणि रात्री तीन गोळ्या घेणारा माणूस आहे, आणि त्या गोळ्या गेली काही वर्षं मोबाइलवरून मागवतो. मागवता मागवता आमच्या घरात एक चूक झाली. त्या चुकीचा विचार करताना माझ्याच विषयातली एक जुनी कल्पना मला उपयोगी पडली. आज तेवढंच सांगायचं आहे.

हात वर करा बघू, औषधं घरपोच कोण कोण मागवतं? ... बरेच आहेत. आणि स्वतः मागवणारे किती, मुलगा किंवा सून मागवून देते असे किती? ... हं. अर्धेअर्धे. म्हणजे विषय सगळ्यांचा आहे.

आधी हे चालतं कसं ते नीट पाहू. आपण ॲपवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो चढवतो. तिकडे कुणीतरी तो वाचतं, औषधं यादीत घालतं, आपण पैसे भरतो, आणि एक-दोन दिवसांत खोकं दारात येतं. आपल्याला वाटतं, ॲपनं औषध विकलं. बहुतेक वेळा तसं नसतं. खोक्यातलं बिल काढून बघा. त्यावर एखाद्या औषध दुकानाचं नाव असतं, पत्ता असतं, परवाना क्रमांक असतो. विक्री त्या दुकानाने केलेली असते. ॲपचं काम गाठ घालून देण्याचं. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या की बिल फेकायचं नाही. बिलावर परवाना क्रमांक, औषधाचा बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख असायला हवी. उद्या काही तक्रार करायची झाली, तर आपल्या हातात तोच कागद असतो.

आता कायदा. घाबरू नका, थोडाच सांगतो. आपल्याकडे औषधविक्रीचा मूळ कायदा १९४० सालचा आणि त्याचे नियम १९४५ सालचे. औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करायचं, हे १९४८ च्या फार्मसी कायद्यात आहे. म्हणजे ही सगळी रचना स्वातंत्र्याच्या आगेमागची. समोर दुकान आहे, दुकानात फार्मासिस्ट आहे, हातात कागद आहे, हे गृहीत धरून ती केलेली. त्या नियमांमध्ये औषधांच्या याद्या आहेत. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशी औषधं. त्यातून काही अँटिबायोटिक, क्षयरोगाची, सवय लागू शकणारी अशी औषधं काढून २०१४ पासून एच-१ अशी वेगळी यादी लागू झाली. ती विकताना दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंद ठेवायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. शेड्यूल एक्स त्याहून कडक, तिथे चिठ्ठी दोन प्रतींत लागते.

याच नियमांत चिठ्ठी म्हणजे काय, हेही लिहिलं आहे. ती लेखी हवी, डॉक्टरांची सही हवी, तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, एकूण औषध किती आणि मात्रा किती हे हवं. आणि आता पुढचं ऐका, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. ही चिठ्ठी एकदाच वापरायची असते. ‘पुन्हा द्यावे’ असं डॉक्टरांनी त्यावर लिहिलं असेल, तरच तीवर पुन्हा औषध द्यायचं. किती वेळा, किती दिवसांनी, हे त्यांनी लिहिलं असेल तर तेवढंच. औषध दिलं की दुकानदाराने आपलं नाव, पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची. पूर्वी केमिस्ट चिठ्ठीवर शिक्का मारून द्यायचा, आठवतंय? तो शिक्का म्हणजे ‘हा कागद वापरला गेला’ याची खूण होती.

आता मला सांगा, चिठ्ठीच्या फोटोवर शिक्का कसा मारणार?

हा प्रश्न सरकारलाही पडला. २८ ऑगस्ट २०१८ ला केंद्र सरकारने ऑनलाइन औषधविक्रीसाठी नियमांचा मसुदा काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याशिवायच्या ऑनलाइन विक्रीला मनाई करणारा आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयातही प्रकरण गेलं, तिथे बंदी आली आणि त्या बंदीला स्थगितीही आली. मसुदा पुढे कित्येक वर्षं मसुदाच राहिला. मध्ये कोविड आला. २६ मार्च २०२० ला, टाळेबंदी लागल्या लागल्या, परवानाधारक दुकानांना औषधं घरपोच द्यायला परवानगी देणारी अधिसूचना निघाली. ईमेलवर आलेली चिठ्ठी चालेल असं त्यात म्हटलं होतं. आणि त्या घाईतसुद्धा चिठ्ठीच्या वयाचा विचार केलेला होता. जुनाट आजाराची चिठ्ठी असेल तर ती लिहिल्यापासून तीस दिवसांच्या आत, तात्पुरत्या आजाराची असेल तर सात दिवसांच्या आत. म्हणजे चिठ्ठी शिळी होते, हे कायद्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. विसरतो आपण.

आता आमच्या घरातली गोष्ट.

मला रक्तदाबासाठी तीन वर्षं एक गोळी चालू होती. तिच्यात दोन घटक होते, एक टेल्मिसार्टन आणि दुसरा हायड्रोक्लोरोथायझाइड. हा दुसरा लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतो. मागच्या उन्हाळ्यात मला फार गळून गेल्यासारखं व्हायला लागलं. रक्त तपासलं तर सोडियम कमी. म्हातारपणी या घटकाने असं होऊ शकतं. आमच्या डॉक्टरांनी ती गोळी थांबवली. नव्या गोळीत टेल्मिसार्टनच, पण जोडीला ॲम्लोडिपिन. चिठ्ठीच्या वर ठळक लिहिलं, ‘जुनी बीपीची गोळी बंद’. खाली दोन रेघा मारल्या. मला तोंडी सांगितलं. मी मान डोलावली.

घरी येऊन मी चिठ्ठीचा फोटो चढवला. तिसऱ्या दिवशी नवी गोळी आली. बरोबर आली, मात्राही बरोबर. आठव्या दिवशी आणखी एक खोकं आलं. दर महिन्याला आपोआप येणारी जी ऑर्डर मी कधीकाळी लावून ठेवली होती, ते ते खोकं. त्यात जुनी गोळी. दोन्हींची ब्रँडनावं वेगळी, स्ट्रिपचे रंग वेगळे. आठवड्याचा गोळ्यांचा डबा आमच्याकडे आमची मंडळी भरतात. त्यांनी दोन्ही भरल्या. मी दोन्ही खाल्ल्या. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी पहाटे पाचला बाथरूमला जायला उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार आला. बेसिनची कड कपाळाला लागली. तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, ‘सर, घरात आहेत तेवढ्या सगळ्या स्ट्रिप घेऊन या.’ टेबलावर मांडल्या. त्यांनी दोन उचलून शेजारी शेजारी ठेवल्या आणि काही बोलले नाहीत. आमची मंडळी रडायला लागली. ‘मीच भरल्या,’ म्हणाली. ते वाक्य मला टाक्यांपेक्षा जास्त लागलं. कारण तिची चूक नव्हती. घरात आलेलं औषध डब्यात भरायचं, हे तिचं काम ती चोख करत होती.

मी त्या कंपनीला फोन केला. चांगलाच तापलो होतो. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, ‘सर, तुम्ही सबस्क्रिप्शन कॅन्सल केलं नव्हतं.’ आणि तिचं बरोबर होतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं. मी ऐकलं होतं. कंपनीने चिठ्ठीतलं नवं औषध अचूक पाठवलं होतं. मंडळींनी डबा बरोबर भरला होता. प्रत्येकाने आपलं काम नीट केलं, आणि माझं कपाळ फुटलं. मग चूक होती कुठे?

इथे माझा विषय येतो. दहाच मिनिटं सहन करा.

आपल्याकडे न्याय आणि वैशेषिक अशा दोन जुन्या दर्शनांनी जगात काय काय असतं याची यादी केली. द्रव्य, गुण, कर्म वगैरे. पुढच्या आचार्यांनी त्या यादीत सातवा पदार्थ धरला, तो म्हणजे अभाव. नसणं. विद्यार्थी हसायचे. नसलेली गोष्ट यादीत कशी घालायची? पण नैयायिकांचं म्हणणं असं की ‘जमिनीवर घडा नाही’ हेही एक ज्ञान आहे. नुसती जमीन दिसणं वेगळं, आणि इथे घडा असायला हवा होता, तो नाही, हे कळणं वेगळं. त्यांनी अभावाचे प्रकारही पाडले. घडा अजून झालाच नाही, तो प्रागभाव. घडा होता आणि फुटला, तो प्रध्वंसाभाव. दोन्हीकडे घडा नाहीच. पण दोन ‘नाहीं’मध्ये फरक आहे. एकात खापऱ्या आहेत.

आता डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे या दृष्टीने बघा. चिठ्ठीत दोन तऱ्हेची वाक्यं असू शकतात. ‘हे घ्या’ आणि ‘हे थांबवा’. दोन्ही सारख्याच महत्त्वाची. आणि आता ऑर्डरच्या यादीकडे बघा. तिथे एकाच तऱ्हेचं वाक्य बसतं, ‘हे पाठवा’. माझ्या चिठ्ठीतलं ‘घ्या’ यादीत गेलं. ‘बंद’ कुठे जाणार? त्याला रकानाच नाही. यादीत ‘बंद’ लिहिण्याचा एकच मार्ग, जुनी ओळ कुणीतरी हाताने पुसायची. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये हे काम नकळत व्हायचं. मी नवी चिठ्ठी दिली की तो विचारायचा, ‘काका, मग आधीची बंद का?’ त्याच्या डोक्यात माझी यादी होती, आणि त्याला ‘बंद’ समजत होतं.

लगेच असं समजू नका की मी जुन्या दुकानाची आरती करतोय. त्याच मेडिकलवाल्याने मला कित्येकदा चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक दिलेलं आहे, तीन दिवसांचं, ‘बरं वाटलं तर थांबवा’ म्हणून. ते चुकीचंच होतं. घरपोच सेवेचे फायदे मोठे आहेत. सवलत मिळते, पक्कं बिल मिळतं. गुडघे दुखणाऱ्याला जिना उतरावा लागत नाही. कोकणातल्या एखाद्या गावात जे औषध कधी मिळायचं नाही, ते आता येतं. मला एवढंच म्हणायचं आहे की दुकान हलवताना दुकानदाराचं एक काम मागे राहिलं. ते आता आपल्याला करायचं आहे.

तुम्ही म्हणाल, ही आपल्याकडची अव्यवस्था. परदेशात असं होत नसेल. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण मुलांकडे अमेरिकेत राहून आलेत, म्हणून तिकडचं सांगतो. टपालाने औषधं पाठवण्याचा अनुभव तिथे फार जुना. निवृत्त सैनिकांसाठीचं जे सरकारी खातं आहे, ते आपल्या रुग्णांची बहुतेक नियमित औषधं मोठ्या केंद्रांमधून टपालानेच पाठवतं. नव्वद दिवसांची औषधं एकदम देण्याची पद्धत रूढ आहे. बाटलीवर रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि आणखी किती वेळा हे औषध मिळेल तो आकडा छापलेला असतो. चिठ्ठी बहुधा कागदावर नसतेच, डॉक्टरांच्या संगणकातून थेट फार्मसीच्या संगणकात जाते.

आणि तरीही तिथे नेमकी हीच अडचण आली. डॉक्टरांना ‘हे औषध द्या’ असा संदेश संगणकातून पाठवता यायला लागला. पण ‘ते औषध थांबवा’ म्हणायचं, तर पुष्कळ ठिकाणी फोन करावा लागायचा किंवा रुग्णावर सोपवावं लागायचं. डॉक्टरांच्या नोंदीत औषध बंद, आणि फार्मसीकडून मात्र खोकं येतच आहे, असं व्हायचं. त्यासाठी एक वेगळा संदेश आहे, त्याचं नाव कॅन्सल-आरएक्स. तो वापरात यायला नव्या चिठ्ठीच्या संदेशापेक्षा बराच जास्त वेळ लागला. म्हणजे अभावाला रकाना देणं हे इतकं मोठं संगणकशास्त्र असलेल्या देशालाही पटकन सुचलं नाही. मला हे वाचून, खरं सांगतो, थोडं बरं वाटलं.

बरं, आता करायचं काय? मी घरी काय करतो ते सांगतो. यातलं पटेल ते घ्या.

पहिलं. एक साधी वही. डाव्या पानावर चालू औषधं. ब्रँडचं नाव नव्हे, आतल्या घटकाचं नाव, कारण ब्रँड बदलतो. मग मात्रा, वेळ, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी दिलं, कधीपासून. उजव्या पानावर बंद केलेली औषधं. घटकाचं नाव, बंद केल्याची तारीख आणि का बंद केलं. हे उजवं पान फार मोलाचं. नुसती चालू औषधांची यादी नव्या डॉक्टरांना दाखवली, तर अमुक औषध मी कधी घेतलंच नाही, की घेतलं आणि त्याने त्रास झाला, हे त्यांना कळत नाही. प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव एकसारखे दिसतात. मग तेच औषध वेगळ्या नावाने पुन्हा तुमच्या पदरात पडू शकतं. खापऱ्या दाखवायला हव्यात.

दुसरं. डॉक्टरांकडून आलात की नवं मागवण्याच्या आधी जुनं थांबवा. ॲप उघडा, आपोआप येणारी ऑर्डर बघा, जे बंद झालंय ते तिथून काढा. साठवलेल्या जुन्या चिठ्ठ्या काढून टाका. मगच नवा फोटो चढवा. क्रम महत्त्वाचा आहे. नवं औषध मागवायचं आपल्याला आठवतंच, कारण त्याची गरज असते. जुनं थांबवायची आठवण शरीर करून देत नाही. आणि घरात उरलेल्या जुन्या स्ट्रिप त्याच दिवशी चालू औषधांमधून बाजूला काढा.

तिसरं. खोकं आलं की लगेच कपाटात ढकलू नका. चष्मा लावून बसा. चिठ्ठी, बिल आणि स्ट्रिप, तिन्ही समोर ठेवा. घटक तोच आहे का? मात्रा तीच आहे का? मेटोप्रोलॉल २५ आणि ५० दोन्ही असतात. नावापुढे एसआर, एक्सएल अशी अक्षरं असतील तर तीही जुळवा, कारण ती गोळी हळूहळू विरघळणारी असते आणि साधी गोळी तिच्या जागी चालत नाही. मुदत बघा. ब्रँड बदलून पाठवला असेल तर विचारा. चिठ्ठीतल्या शेड्यूल एचच्या औषधाऐवजी दुसरी बनावट परस्पर देऊ नये असाच नियम आहे. स्वस्त पर्याय हवा असेल तर तो जरूर घ्या, जन औषधी केंद्रं त्यासाठीच आहेत, पण डॉक्टरांना सांगून घ्या. फिट्सची औषधं, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी यांच्या बाबतीत तर कंपनी बदलतानासुद्धा विचारा.

चौथं. दहा दिवसांचं औषध शिल्लक असताना मागवा. कधी पाऊस असतो, कधी गणपती, कधी माल नसतो. काही औषधं एकदम थांबली की धोका असतो. हृदयाच्या ठोक्यांवर काम करणाऱ्या काही गोळ्या आणि फिट्सच्या गोळ्या त्यातल्या. आणि ताप, जुलाब, संसर्ग अशा आजच्या आजच्या दुखण्याला खालच्या दुकानातूनच औषध आणा. तिथे दोन दिवस वाट बघण्यात अर्थ नाही.

पाचवं, इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. ते गोठूही द्यायचं नाही, म्हणून फ्रीजरमध्ये नको. मे महिन्यात दुपारी दोनला खोकं वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून मुलगा निघून गेला आणि तुम्ही संध्याकाळी आलात, तर ते औषध दिसायला तसंच असेल, पण त्याचा भरवसा राहिला नाही. म्हणून आपण घरी असू तीच वेळ निवडा, थंड पिशवीतून आलंय का बघा, आणि गरम लागलं तर घेऊ नका.

सहावं. सवलतीला भुलून तीन महिन्यांचं औषध भरू नका, निदान मात्रा बदलते आहे तोवर. नवं औषध आधी पंधरा दिवसांचं घ्यावं. घरात उरलेली प्रत्येक जुनी स्ट्रिप म्हणजे पुढच्या चुकीची तयारी.

आणि सातवं जरा नाजूक आहे. तुमच्याकडे चिठ्ठी नसेल तर काही ठिकाणी म्हणतात, काळजी करू नका, आमचे डॉक्टर फोन करतील. फोनवरून सल्ला देणं बेकायदा नाही. २५ मार्च २०२० ला त्यासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात कुठली औषधं पहिल्या भेटीत देता येतात, कुठली फक्त आधी तपासलेल्या रुग्णाला, आणि कुठली अजिबात नाही, हे दिलं आहे. शेड्यूल एक्सची आणि गुंगीची औषधं अजिबात नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक असावाच लागतो. तो बघा. पण त्याहून एक प्रश्न स्वतःला विचारा. डॉक्टरांनी मला काही विचारलं का? की मी मागवलेल्या यादीवर दोन मिनिटांत सही झाली? आपल्या परंपरेत जाणत्या आणि विश्वासू माणसाचा शब्द हे ज्ञानाचं प्रमाण मानलं आहे. पण का मानलं? कारण त्याने गोष्ट पाहिलेली असते. आधी ऑर्डर आणि मग चिठ्ठी, असं झालं की पाहणं गळून पडतं आणि नुसता शब्द उरतो.

माझ्या त्या जखमेची खूण अजून आहे, पुढे बसलेल्यांना दिसत असेल. आता आमच्या घरात पद्धत बदलली आहे. डबा दोघं मिळून भरतो. मी वही वाचतो, ती स्ट्रिप उचलते. आणि डावं पान संपलं की ती विचारते, ‘उजवं वाचा.’ मग मी बंद झालेल्यांची नावं वाचतो, आणि ती टेबलावर बघते, त्यातलं काही आहे का. काही नसतं. पण ते नाही, हे रविवारी संध्याकाळी एकदा बघून घेतो.

एवढंच. काही प्रश्न असतील तर घेऊ.

एक श्रोत्या: सर, आम्ही दोघंच आहोत. मला मोबाइलवरचं काही जमत नाही. मुलगा तिकडून, न्यू जर्सीहून मागवून देतो. मग वहीचा काय उपयोग?

ताई, तुम्हालाच उपयोग जास्त. मुलाला त्याच्या फोनवर ‘पोचलं’ असं दिसतं. तुम्ही घेतलं का, डॉक्टरांनी काल काय बदललं, हे त्याला दिसत नाही. तो प्रेमाने, न चुकता, बंद झालेलं औषधही पाठवत राहील. डॉक्टरांकडून आलात की वहीच्या दोन्ही पानांचा फोटो त्याला पाठवा. तेही नाही जमलं तर फोन करा आणि आधी हेच सांगा, ‘हे बंद केलंय.’ नवं काय दिलं ते नंतर.

एक श्रोते: शेवटी काय करावं, ऑनलाइन मागवावं की नाही?

मी मागवतो. अजूनही मागवतो. पण आपोआप येणारी ऑर्डर मी काढून टाकली आहे. दर महिन्याला वही समोर घेऊन नव्याने मागवतो. दहा मिनिटं जातात. निवृत्त माणसाकडे तेवढी असतात.

तेच श्रोते: आणि ज्यांना विसरायला होतं त्यांनी? त्यांना आपोआप आलेलंच बरं नाही का?

बरोबर आहे तुमचं. ज्यांचं औषध चुकण्याचा धोका मोठा, त्यांनी ती सोय ठेवावी. पण मग घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी नाव त्या कामाला लावा. डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीनंतर ती ऑर्डर उघडून बघायची, एवढं एकच काम. शेजारचा कॉलेजातला मुलगासुद्धा करेल. फक्त कुणाचं आहे ते ठरलेलं हवं.

थांबतो.